पलंग आधी कोणाला

मी, नर्मदाबाई संपतराव पोले, वय ६५, सरकारी दवाखान्यातली निवृत्त आया, राहणार गोरेगाव, ता. सेनगाव, जि. हिंगोली, अंग निकामी पण डोके शाबूत असताना, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते की,

१. दोन खोल्यांचे टिनाचे घर पुतण्या शिवहार यास द्यावे. पलंग देऊ नये. लग्नाच्या पाहुण्यांसाठी त्याने तो दोनदा मागितला होता, हे मी विसरलेले नाही.

२. डोक्याकडून वर उचलता येणारा हा लोखंडी पलंग मी दवाखान्याच्या भंगारातून घेतला. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी गावात असा एकच आहे. ज्याला स्वतःहून कूस बदलता येत नाही त्याला आधी, हा माझा नियम. नाते, जात, ओळख कधी पाहिली नाही.

३. १९९७ साली माझे मालक आणि शेजारचे सोनाजी एकाच महिन्यात अंथरुणाला खिळले. दोघांनाही मी वळून दाखवायला सांगितले. सोनाजींना जमले नाही. मालक वळले आणि म्हणाले, "बराबर हाय ना? मंग त्याला दे." पलंग सोनाजींकडे गेला.

चार महिन्यांनी मालक वारले. बाज उचलली तेव्हा भिंतीकडच्या बाजूला बांधलेली दोरी सापडली. ती धरून ते वळले होते. पाठ जखमांनी भरलेली होती.

मी दिवसभर ड्युटीवर असायचे, त्यांचे अंग पुसायला आणि चादरी धुवायला गावातली रूपाबाई यायची; ती आम्हाला मामा-मामी म्हणते. तिला विचारले, काहून सांगितलं न्हाई? ती म्हणाली, "मामा म्हणले, सांगू नको. लोक म्हणतील, बाईनं पलंग घरातच ठेवला." पुढची सात वर्षे मी तिच्याशी कामापुरतेच बोलले. रडू तेव्हा आले नाही, अजूनही येत नाही.

४. म्हणून नियमात दुरुस्ती करते. आजाऱ्याला विचारू नये, घरच्यांनाही विचारू नये. त्याच्या चादरी जो धुतो त्याला विचारावे. माझ्यामागे पलंग कोणाला द्यायचा, हे रूपाबाई ठरवील. तिला दुसरे काही देत नाही. साक्षीदाराला देता येत नाही, असे वकील म्हणाले.

५. सध्या पलंगावर मी आहे. गावातल्याच दगडोबाची आई भिकाबाई हीसुद्धा पडून आहे. काल मी म्हणाले, मला वळता येते, पलंग आजच तिकडे न्या. दगडोबासमोरच रूपाबाई म्हणाली, "न्हाई वळता येत तुमाला, मामी. भिकाबाई अजून वळती. दोघींच्या बी चादरी मीच धुते."

नियम माझाच आहे. मी असेपर्यंत पलंग माझ्याकडे राहील.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो मान्य आहे. सही करण्यासाठी रूपाबाईने मला कुशीवर वळवले.

सही: नर्मदाबाई संपतराव पोले

साक्षीदार:
१. दगडोबा (सही)
२. रूपाबाई (डाव्या हाताचा अंगठा)

गोरेगाव, दि. १४ नोव्हेंबर २००४