झेंडावंदनानंतरचा सत्कार

सर,

तुम्हाला जाऊन आठ वर्षं झाली. जिवंत होतात तोवर तुमच्यासमोर तोंड उघडलं नाही आणि आता उघडतोय, याला शूरपणा म्हणत नाहीत हे मलाही कळतं. पण आज राहवलं नाही. तुरुंगातून सुटलेल्या पोरांना घरी पोचवायचं, गावात रुजवायचं काम मी करतो. आज एकाला प्रवरेकाठच्या त्याच्या गावी नेलं, तर सरपंच हार आणि फोटोग्राफर घेऊन वेशीवर हजर! मी असा खेकसलो की पोरगंच घाबरलं. सरपंच म्हणाले, "अवो, चांगल्यासाठीच करतोय ना आमी!" तुम्हीही असंच म्हणायचात.

मारामारीत एकाचं डोकं फोडून मी दीड वर्ष आत होतो. सुटलो तेव्हा वडील आले नाहीत, तुम्ही आलात. एसटीत खिडकीची जागा दिलीत, केडगावला उतरवून उसाचा रस पाजलात. तेवढ्यावर थांबला असतात तर जन्मभर पाया पडलो असतो. पण आठवड्यात पंधरा ऑगस्ट आला. हायस्कूलच्या मैदानावर झेंडावंदन झालंय, सगळा गाव बसलाय, आणि तुम्ही माझ्या खांद्यावर शाल टाकताय, हातात नारळ देताय. "तुरुंगातून आपलं लेकरू परत आलंय, त्याला पदरात घ्या." टाळ्यांचा कडकडाट झाला. आई तेवढी हात मांडीवर ठेवून बसली होती. ताईचं लग्न कोल्हारला ठरलं होतं, सुपारी फुटली होती, आणि आईनं पाहुण्यांना सांगितलं होतं की पोरगा चाकणला कंपनीत आहे.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. चौथ्या दिवशी मध्यस्थ आला, उंबऱ्यातूनच बोलला, "पोरगी लई गुनाची हाय, पन पावन्यांचा इचार बदललाय." चहासुद्धा न घेता गेला. आई मला म्हणाली, "तुज्या सरांना म्हनावं, येकदा घरी इचारायचं तरी हुतं." ताईला चार वर्षांनी बिजवराला दिली. त्याची दोन मुलं तिनं वाढवली, स्वतःचं झालं नाही. तुम्ही मात्र प्रत्येक भाषणात माझं उदाहरण देत राहिलात.

म्हणून मी आता पोराआधी त्याच्या आईला गाठतो आणि पहिलं हेच विचारतो, गावाला काय सांगितलंय? कुणी पोराला मामाकडे ठेवलेलं असतं, कुणी ऊसतोडीला पाठवलेलं. जे सांगितलं असेल, तिथूनच तो परत येतो. तुम्हाला हे पटलं नसतं. न पटो. तुमच्या खरं बोलण्याची किंमत तुमच्या घरानं मोजली नाही, आमच्या घरानं मोजली.

ताई तुमच्या दहाव्याला आली नाही. "माझं वाटोळं केलं त्या मास्तरनं," असं ती अजून म्हणते, आणि मी मान हलवतो. त्या पंधरा ऑगस्टच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही मला विचारलं होतंत, "उद्या सगळ्यांसमोर बोलावू का? घरी चालेल ना?" चाकणचं मला माहीत होतं. पण दीड वर्षात माझी मर्जी कुणी विचारली नव्हती, सर. मी हो म्हणालो. वर असंही म्हणालो की आईला आनंदच होईल.

हा कागद मी घरात ठेवणार नाही. ताई परवा राहायला येतेय.