आजोबांचा घास

प्रिय भाऊजी,

सप्रेम नमस्कार. पत्रास कारण तसं काही नाही. (असं लिहून मी पुढे चार पानं भरते, हे तुमच्या भावाने तुम्हाला सांगितलं असेलच.) गुडघा कसा आहे? जाऊबाई सांगतात तो व्यायाम करता, की नुसतं हो-हो म्हणता? माझी तब्येत बरी आहे. नातवाची बरी असायला हवी, म्हणून लिहायला बसले.

त्याला आम्ही ‘साहेब’ म्हणतो, कारण दोन वर्षांच्या या माणसाला जेवायला वेळ नसतो. जावई बोटीवर, लेक सकाळी बस घेऊन निघते, आणि साहेब माझ्या ताब्यात. (खरं म्हणजे मी त्यांच्या.) कपाटातली सगळी भांडी बाहेर काढायची, परत आत ठेवायची, बादलीत चमचे बुडवायचे, असा कामाचा रगाडा. त्यात मी वाटी घेऊन मागे फिरणार म्हणजे अडथळाच. मी वाचनालयातून मुलांच्या आहाराचं जाडजूड पुस्तक आणलं. मी वाचायला शिकले ती वाणसामानाच्या पुड्यांच्या कागदांवरून, त्यामुळे छापलेल्या शब्दावर माझा विश्वास जरा जास्तच. थोडं थोडं पण पाच वेळा द्या, ताट रंगीबेरंगी असू द्या, हाताने खाऊ द्या. सगळं केलं. उकडलेल्या गाजराच्या कांड्या, अंड्याच्या फोडी, दही, केळं. साहेबांनी ताटाकडे असं पाहिलं, जसे तुमचे भाऊ दुकानदाराच्या वजनांकडे बघायचे.

शेवटी काऊचा घास, चिऊचा घास सुरू केलं. ते दोन घास साहेबांनी मुकाट्याने गिळले. पाखरं संपली तेव्हा एक दिवस तोंडातून निघून गेलं, ‘हा घास आजोबांचा.’ तो घास मुठीत घेऊन साहेब बाहेर पळाले, रिकाम्या हाताने परत आले आणि म्हणाले, ‘आणखी!’ त्या दिवसापासून वाटी चाटूनपुसून साफ. मला काय वाटलं ते कसं लिहू? ज्याला नातवाचं चालणं बघायला मिळालं नाही, तो माणूस नातवाला जेवू घालतोय. डोळ्यांचं पाणी वरणात पडलं. (मीठ कमीच होतं.)

पण वजन वाढेना. मी यांच्या छोट्या काट्यावर वाटी जेवणाआधी आणि नंतर तोलत होते, हिशेब चोख होता. म्हणून दवाखान्यातल्या नर्सला मी चारचौघांत सांगितलं, ‘बाई, तुमचा काटा अडतोय. माझ्या नवऱ्याने जन्मभर काटे दुरुस्त केले, मला शिकवू नका.’ तिने शांतपणे काटा उलटा केला. खाली यांच्याच हातची दुरुस्तीची खूण होती. ‘आजी, काटा बरोबर आहे,’ ती म्हणाली, ‘घास कुठे जातो ते बघा.’ आणि लेकीने बाहेर आल्यावर सांगितलं, ‘आई, पुढच्या खेपेला वजन वाढलं नाही तर त्याला पाळणाघरात ठेवते. तुला झेपत नाही.’ भाऊजी, तो गेला की या घरात मी आणि घड्याळ. आणि घड्याळाला काही भरवता येत नाही.

घास कुठे जातो ते मुंग्यांनी दाखवलं. दारापाशी यांचे बूट अजून आहेत. त्यांत अंडं, भात, गाजर, वरून दही. साहेब रांगत होते तेव्हा आजोबा अजून होते, आणि रांगणाऱ्या मुलाला माणसाचं तेवढंच दिसतं. त्याचे आजोबा म्हणजे ते बूट. मी आजोबांचा घास म्हटलं, त्याने तो इमानाने पोचवला.

बूट धुतले, पुसले, कपाटावर ठेवले. त्या दिवशी साहेब मुठीत अंडं घेऊन दारापाशी उभे राहिले आणि काऊ-चिऊचेही घास घेतले नाहीत. बूट पुन्हा खाली ठेवले. आता बूट असले तर बूट जेवतात, नसले तर कुणीच नाही. नर्सला जाऊन खरं सांगितलं. तिने हसू दाबलं आणि विचारलं, ‘त्याच्यासोबत जेवायला कोण बसतं?’ मी म्हटलं, कोणी नाही, मी मागाहून ओट्याशी उभ्यानेच चार घास खाते. ‘म्हणजे,’ ती म्हणाली, ‘त्याने तुम्हाला भरवताना पाहिलंय, कुणाला जेवताना नाही.’ पुस्तकातही हे होतं. ते पान मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा उलटलं.

बाकी क्षेम. मुद्दाम येण्यासारखं काही नाही.

तुमची,
वहिनी

ता.क. ते बूट तुमच्याच मापाचे. तरुणपणी तुम्हा भावांत एकच जोड होता, ज्याची मुलाखत त्याचे बूट. हवे असतील तर घेऊन जा. माझ्याने टाकवत नाहीत.

पुन्हा ता.क. न्यायला येऊ नका, जेवायला या. वजनाच्या आधी चार दिवस. बूट घालून यांच्या खुर्चीवर बसा. साहेब घास आणतील, तो तुम्ही खा आणि पुढचा त्यांना द्या. मीही ताट घेऊन बसेन, नर्सला तसं कबूल केलंय. गुडघ्याचं निमित्त सांगू नका.

आणखी एक. पाय घालण्याआधी डावा बूट झटकून घ्या. मी रोज साफ करते. पण आजोबा अजून जेवायचे आहेत असं त्याला वाटतं, आणि मीही त्याला अजून काही सांगितलेलं नाही.