दिवेलागणीला मागणारी

४ नोव्हेंबर, बाभुळगाव

डॉक्टरांनी मला लिहायला लावलं आहे. उजव्या हाताची बोटं आखडली आहेत, ती सुटावीत म्हणून रोज थोडं लिहायचं. एरवी रोजनिशीची हौस मला नाही. पंचायत समितीतल्या नोकरीत पुष्कळ लिहून झालं.

आज भाचीकडे राहायला आले. अर्पिताला आठवा महिना आहे, जावई रजत पुण्याला नोकरीत. घर लहान पण उजेडाचं. मागे तुरीचं शेत, फुलावर आलेलं. समोरच्या मानीबाईंनी अर्ध्या तासात माझी सगळी माहिती काढली आणि स्वतःची दुप्पट सांगितली. अर्पिता म्हणाली, मावशी, त्यांना चहा विचारू नको, जेवूनच जातात. फार दिवसांनी हसले.

६ नोव्हेंबर

बोटांना व्यायाम म्हणून अर्पिताने रजतचा व्हिडिओ गेम टीव्हीला जोडून दिला. एकट्यानेच खेळायचा. मी रानाकाठच्या एका गावाची राखणदार. तलवार आहे, पण खरं काम निवाड्याचं. दारी येणारा काही मागतो. द्यायचं की नाही ते मी ठरवायचं आणि फळ गावाने भोगायचं. सुरुवातीला राखणदाराचं नाव विचारलं, मग गावातल्या दोघांची. मी शालिनी डहाके, अर्पिता, मानीबाई अशी खरीच लिहिली. अर्पिता म्हणाली, यात काहीही टाकायचं असतं, लोक महाराणी टाकतात, राक्षस टाकतात. मी म्हटलं, लोकांना टाकू दे. नाव विचारलं की खोटं लिहायची सवय मला नाही.

९ नोव्हेंबर

काल गेममध्ये दिवेलागणीला एक बाई दाराशी आली. कडेवर मूल, चेहरा पदराआड. मूठभर मीठ मागितलं. पडद्यावर दोनच शब्द: दे, नको. मी दिलं. भुकेल्याला मीठ नाकारण्याचं कारण दिसेना.

आज सकाळी स्वयंपाकघरातली मिठाची बरणी रिकामी. तळाशी कणसुद्धा नाही. अर्पिता म्हणते, तूच धुतली असशील. मी धुतलेली नाही.

मानीबाईंना सांगितलं तर त्यांचं हसणं थांबलं. म्हणाल्या, दिवेलागनीले मीठ कोनी देते का बाई, एकडाव देल्लं का ते रोज येते. मी म्हटलं, ते टीव्हीतलं दार होतं. त्या म्हणाल्या, दार त दारच असते. शिकलेल्या माणसाने असल्या गोष्टी किती ऐकायच्या.

१२ नोव्हेंबर

गेममध्ये ती बाई परत आली. तिचं मूल मुकं आहे. गावातल्या कोणाचा आवाज दिला तर ते बोलेल, नाहीतर रानात हरवून मरेल. मूल मरू द्यायचं हा काही निवाडा नव्हे. मी मानीबाईंचं नाव निवडलं. दिवसभर बोलतात, थोडं कमी झालं तर काय बिघडतं. स्वतःशीच हसलेही.

१३ नोव्हेंबर

सकाळी मानीबाई दारात उभ्या. ओठ हलत होते. आवाज नाही.

यवतमाळला घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, घशात काहीच बिघाड नाही. येताना बसमध्ये त्यांनी माझा हात घट्ट धरून ठेवला. मी खिडकीबाहेर पाहत राहिले.

१४ नोव्हेंबर

निवाडा मागे घ्यायला गेम उघडला. मागे जाता येत नाही. बाई दारातच उभी होती. मूल आता बोलतं. मानीबाईंच्या आवाजात म्हणालं, मले माय पायजे.

खाली नाव आलं. अर्पिता. दे. नको.

नको दाबलं. पुन्हा तोच प्रश्न. नको. पुन्हा तोच. तारा उपसल्या, यंत्र खोक्यात बांधून रजतच्या पत्त्यावर रवाना केलं. अर्पिताला सांगितलं, बिघडलं होतं.

१५ नोव्हेंबर

टीव्ही बंद. दिवेलागणीला दारावर — कोणी ठोठावलं नाही, लहान नखं ओढावीत तसं. फटीतून तोच आवाज. मले माय पायजे.

अर्पिता आतून म्हणाली, मानीबाईंना आवाज आला वाटतं, दार उघड ना. स्वतःच उठायला लागली. खांदे दाबून बसवलं तिला.

माझा आखडलेला अंगठा आपोआप हलतोय. हातात काही नाही, तरी — जिथे 'दे' होतं त्याच बाजूला —

१६ नोव्हेंबर

अर्पिताचे हात थंड. दुपारपासून पोटात हालचाल नाही, म्हणते. दवाखान्याची गाडी बोलावली, अजून आली नाही. उजेड चालला. नखं सुरू —

मी दार उघडलं. सांगितलं, राखणदार मी आहे, निवाडा मी करते. अर्पिता मिळणार नाही. गावात आणखी एक नाव आहे, माझं, ते घे.

बाईने पदर बाजूला केला. चेहरा — नाही, ते लिहिणार नाही.

मूल आता माझ्या कडेवर. थंड. वजनच नाही त्याला —

आत अर्पिता म्हणतेय, हललं, बाळ हललं. मग माझ्याकडे बघून विचारते, कोण तुम्ही, कोणाकडे आलात.

बरं झालं. असंच हवं. तिला शोधावं लागणार नाही —

नोकरीत चार्ज देताना लिहायचो, तसं उंबरठ्यावर लिहून ठेवते. सुपूर्द केलं ते असं. मीठ, मूठभर. मानीबाईंचा आवाज. राखणदार, एक. घेणारी, रानातली बाई. देणारी, शा—