दुकानाखालचे मासे

१८ मार्च

तीर्थस्वरूप दादास,

साष्टांग नमस्कार. माझ्या पाठीने संप पुकारलाय, तेव्हा तो उभ्यानेच पोचला असं समज. वहिनीचा गुडघा कसा आहे? लेकीच्या घरी जिना नाही म्हणे, म्हणजे तिची चंगळ. पंचाईत तुझी. दुरुस्तीला काही सापडत नसेल, म्हणून जावयाच्या मनगटाकडे बघत बसला असशील.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हा कागद. फाडायचा असेल तर शेवटपर्यंत वाचून फाड.

इकडे सगळं ठीक. शिंपी रोज तुझ्या बंद शटरकडे बोट दाखवून विचारतो, "ताई, घड्याळवाले कधी येणार?" जसं काही मीच तुला कुठे पुरून ठेवलंय.

आता कामाचं. बाजारामागे आम्ही पुरातत्त्ववाल्यांनी खणून उघडलेली ती प्राचीन स्नानगृहाची फरशी तू पाहिली होतीस. रंगीत खड्यांनी काढलेले मासे. तू गेलास तेव्हा ते फिके पडू लागले होते, आता अगदी राखेच्या रंगाचे झालेत. कारण सांगताना लाज वाटते. कोणी मोठा पाहुणा आला की आम्ही फरशीवर बादलीभर पाणी ओतायचो. ओले खडे कसे झळकतात! पाहुणे वाहवा करायचे आणि आम्ही फुशारायचो. ते पाणी आत मुरलं, वाळताना क्षार घेऊन वर आलं आणि त्या क्षारांनी खडे फोडले. हे आमच्यातल्या प्रत्येकाने पुस्तकात वाचलेलं आहे. तरी ओतत राहिलो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

फरशी तुमच्या दुकानांच्या रांगेखाली जाते हे आधीपासून माहीत होतं. म्हणूनच ती दुकानं पाडावीत असं मी लिहून दिलं, आणि तू शिंप्यासमोर मला म्हणालास, "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ." ते लागलं. पण हे पत्र माफी मागायला नाही. तेव्हा जेवढं माहीत होतं त्यावर मी बरोबरच होते.

पाडण्याआधी खात्री करायची म्हणून गेल्या महिन्यात तुझ्या दुकानातल्या थोड्या लाद्या काढल्या, नेमक्या तुझ्या स्टुलाच्या जागी. खाली माती, मग वाळू आणि मग, दादा, मासे! लाल पाठीचे, हिरव्या शेपटीचे, काल बसवल्यासारखे. मी तिथेच फतकल मारून रडले. आधी बाबा आणि मग तू, दोघांनी त्या जागी जन्मभर कोरडा धंदा केलात. पाणी नाही, भट्टी नाही, ठोकाठोक नाही. दुकानं पाडून, वर काचेचं छप्पर घालून आम्ही मासे जपायला निघालो होतो; ते काम तुमच्या गंजक्या पत्र्याने कधीच करून ठेवलं होतं.

मी मत फिरवलं. बैठकीत आमचे साहेब म्हणाले, "बाई, मग लोकांना दाखवायचं काय?"

"छायाचित्रं दाखवा," म्हटलं. "दाखवून दाखवूनच अर्धे मासे घालवलेत आपण."

बराच आरडाओरडा झाला. शेवटी ठरलं ते माझ्या मनासारखं. सगळं पुन्हा झाकायचं आणि दुकानं आहेत तिथेच राहणार. बहिणीने भावासाठी केलं अशा भ्रमात राहू नकोस. माशांसाठी गरज असती तर तुझं दुकान मी उभं राहून पाडून घेतलं असतं, हे तुला चांगलं ठाऊक आहे.

पण आता एक गोष्ट माझ्या हातात नाही. शिंपी सांगतो, तू दुकान लॉन्ड्रीवाल्याला द्यायला निघालायस. लॉन्ड्री, दादा! वर्षभरात खालचे मासेही बाजारामागच्या माशांच्या वाटेने जातील. नियम आम्ही करू, पण गळणारा नळ कुठे नियम वाचतो? तिथे तूच बसायला हवास.

काल तुझ्या दुकानातलं झाकून झालं. आधी विरळ कापड, त्यावर चाळलेली वाळू, वर माती. आमच्यात एक रीत आहे. कापडावर आजच्या काळातली एखादी वस्तू ठेवायची, म्हणजे पुढे कधी कोणी खणलं तर त्याला कळतं की आपल्याआधी कोणीतरी इथवर येऊन गेलंय. बहुतेक जण नाणं ठेवतात. मी तुझ्या खणातलं बाबांचं घड्याळ ठेवलं, तुला जन्मात चालू करता आलं नाही ते. विचारलं नाही. शिव्या आल्यावर दे.

लाद्या पुन्हा बसवल्यात. स्टूल जागेवर आहे. किल्ली शिंप्याकडे.

मघापासून माशांना पुढे करतेय. खरं सांगू? काम सुटल्यावर मी तुझ्या शटरपाशी थांबते, आणि आतून टिकटिक ऐकू येत नाही. मला ते सहन होत नाही. भांडायला ये हवं तर, पण ये.

लहानपणी मी अंगणभर खड्डे करायचे म्हणून तू मला एक नाव ठेवलं होतंस. जाताना रागाने तेच ओरडलास. मी ते अजून टाकलेलं नाही.

तुझी,
आता बुजवायलाही शिकलेली,
उकरी