मशीनच्या पोटावरचा नंबर

३ फेब्रुवारी, सोमवार

फोन मेला! सकाळपासून एक रिंग नाही.

एरवी सोमवारी माझ्या फोनला दम खायला फुरसत नसते. लोक रविवारभर शिवत बसतात, दोरे गुंतवतात, सुया मोडतात आणि सोमवारी माझ्या नावाने टाहो फोडतात. आज सामसूम. म्हटलं, गावातल्या सगळ्या शिलाई मशिनी एका रात्रीत शहाण्या झाल्या की काय! मग बघितलं तर कोपऱ्यात — 'सेवा उपलब्ध नाही'. सिम काढलं, पुसलं, फुंकर मारली, परत घातलं. ढिम्म.

ह्यांचा फोन त्याच कंपनीचा, तो ठणठणीत. ह्यांना फोन करतं कोण? कर्ज देणारे आणि नणंदबाई.

त्यावरूनच मदत केंद्राला लावला. एक दाबा, चार दाबा, मग गाणं. 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.' इतका महत्त्वाचा की उचलायला कोणी धजेना! उद्या त्यांच्या दुकानात जाऊन सोक्षमोक्ष लावते. अडलेली मशीन मी कधी अर्धी सोडली नाही, ही कंपनी काय चीज आहे.

४ फेब्रुवारी, मंगळवार

गेले. काउंटरवर गळ्यात पट्टा घातलेली एक मुलगी. बोलणं गोड, काम शून्य.

"मॅडम, खातेदाराची ओळख पुन्हा तपासायची होती. तपासणी झाली नाही म्हणून नंबर बंद झालाय. खातेदारांना घेऊन या."

"समोर उभी आहे की."

तिने स्क्रीनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "इथे पुरुषाचं नाव आहे."

दादा!

आमच्या घरची ही रीतच. बाबांच्या वेळेपासून घरात येणारी प्रत्येक गोष्ट थोरल्याच्या नावावर. गॅस दादाच्या नावावर, वीज दादाच्या नावावर. आई वाचनालयातून पुस्तकं आणायची, तर ते सभासदत्वही दादाच्या नावावर — आणि त्याने जन्मात पुस्तक उघडलेलं नाही! मी त्याच्या मशीन दुरुस्तीच्या दुकानात होते तेव्हा सगळ्यांची सिमं त्यानेच आणली. नाव कोणाचं, हे विचारायचं कोणाच्या मनातही आलं नाही. माझ्याही नाही.

त्या दुकानातून निघाले त्याचीही कथा लिहून टाकते, आज डोकं तापलेलंच आहे. एक गिऱ्हाईक म्हणालं, "आमच्याकडे ताईंनाच पाठवा." दादा हसत म्हणाला, "ती नुसती तेल घालते हो. दुरुस्ती माझी." मी शेजारीच, त्याच माणसाची मशीन उघडून बसलेली. शटल जागेवर बसवलं, पिशवी उचलली, बाहेर पडले. तेव्हापासून आमचं बोलणं नाही.

आणि तेव्हापासून हा नंबर म्हणजेच माझं दुकान. मशीन नीट केली की मी तिच्या पोटाला, आतल्या बाजूने, नंबरचा स्टिकर लावते. बाहेर लावला तर कापडाने घासून जातो. मशीन अडली की लोक ती आडवी करतात आणि मी तिथे हजर! माझा नंबर कोणी फोनमध्ये ठेवत नाही, गरजच काय. नावसुद्धा फार थोड्यांना माहीत असेल. म्हणजे नंबर गेला तर मी गेले.

५ फेब्रुवारी, बुधवार

हे म्हणाले, "दादांना एक फोन कर, विषय संपला."

मी म्हटलं, विषय नाही, मी संपेन.

त्यापेक्षा माझी युक्ती नामी होती. ह्यांनी दादा बनून मदत केंद्राशी बोलायचं. जन्मतारीख पाठ करून घेतली, बाबांचं नाव पाठ करून घेतलं. यावेळी पलीकडून माणूस चक्क मिळाला. "आपलं पूर्ण नाव सांगा." ह्यांनी छाती काढून स्वतःचं नाव सांगितलं! हे शाळेची प्रयोगशाळा सांभाळतात, खोटं बोलायचा सराव नाही. मी कपाळावर हात मारला, मग दोघंही इतके हसलो की पोट दुखलं.

ठीक आहे. दुसरी वाट काढू.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी सहज ह्यांच्या फोनवरून माझा नंबर लावला. लागला! आणि काय — 'आपण संपर्क करत असलेली व्यक्ती दुसऱ्या कॉलवर आहे.' कोणती व्यक्ती? व्यक्ती तर इथे चहा गाळतेय!

तशीच कंपनीच्या दुकानात. ती मुलगी माझी नजर चुकवत म्हणाली, "आमचा निरोप मिळाला म्हणून खातेदार काल येऊन गेले. अंगठा दिला, नवीन सिम घेऊन गेले."

"अहो, पण नंबर माझा आहे."

"नियमाप्रमाणे त्यांचाच, मॅडम."

बाहेर पायरीवर उभी राहून परत लावला. "हॅलो, बोला. मशीनचं काम का?" दादाचा आवाज. जसाच्या तसा. मी कापला.

डल्ला मारला! दुकान त्याचं, गॅस त्याचा, वीज त्याची, आता माझी गिऱ्हाइकंही त्याचीच. रात्रंदिवस जोडलेली माणसं — घरोघरच्या मशिनींच्या पोटावर मी स्वतःच्या हाताने जणू त्याचीच जाहिरात चिकटवत होते. रडू आलं नाही. पिशवीतले उरलेले स्टिकर मात्र तिथेच पायरीवर फाडले.

८ फेब्रुवारी, शनिवार

पिशवी खुंटीला. घरच्या मशिनीवरही कापड टाकून ठेवलं.

१० फेब्रुवारी, सोमवार

पुरे झालं रुसणं. दुसऱ्या कंपनीत जाऊन नवा नंबर घेतला. माझ्या नावावर, माझ्या अंगठ्यावर! अंगठा लागता लागेना — इतक्या वर्षांच्या तेलाने आणि पेचकसाने त्याच्या रेषा गुळगुळीत करून टाकल्यात. तिथला माणूस म्हणे, "दुसरं बोट द्या." मी म्हटलं, अंगठाच घ्या, मला घाई नाही. शेवटी यंत्राने हार मानली.

"खात्यावर नाव काय लिहू?" त्याने विचारलं. मी इतक्या मोठ्याने सांगितलं की रांगेतली माणसं वळून बघायला लागली. बघू देत.

नवे स्टिकर छापायला टाकले. यावेळी नंबरच्या वर नाव. ठळक.

११ फेब्रुवारी, मंगळवार

घरोघर फिरतेय. बोलावणं नसताना जायचं, मशीन आडवी करायची, जुना स्टिकर खरवडून नवा लावायचा. लोकांना वाटतं, मी तपासणीला आले. पडदेवाले घाबरून म्हणाले, "ताई, आम्ही काही केलं नाही हो, ती आपोआपच आवाज करते!" तो आवाज जाता जाता काढून दिला. गणवेश शिवणाऱ्या बाईंनी तर दार उघडल्या उघडल्या मला आत ओढलं. "कुठे होतात? आठवडाभर दोरा तुटतोय, दुसऱ्या कोणाला मी हात लावू दिला नाही!" असं ऐकलं की पाय दुखायचे थांबतात.

दवाखान्याच्या शिवणखोलीत चार मशिनी, चारही पोटांवर माझं नाव. दादाने यावं आणि खुशाल वाचावं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

पायाला फोड. पण फोन! परवापासून वाजायला लागलाय. गंमत म्हणजे ज्या गल्ल्यांत मी अजून पोचले नाही तिथूनही. माझं नाव आपल्या पायांनी चालायला लागलं म्हणायचं! हे म्हणाले, "दादांचं काय चाललं असेल?" मी म्हटलं, माशा मारत असेल. मग उगाचच वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचा राग आला.

तरी मनात एक खुटखुट आहेच. सगळी घरं मला कुठे आठवतात? जी राहिली ती त्याच्या घशात जाणार. जाऊ देत. अर्धं गाव पुरे मला.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

दुपारी एका बाईंचा फोन. पार दुसऱ्या टोकाला राहतात, माझ्या ध्यानीमनी नसलेलं घर. मी सहज विचारलं, नवा नंबर कोणी दिला?

"मशीनखालचा लावला, तर एका गृहस्थांनी उचलला. म्हणाले, हा माझ्या बहिणीचा नंबर, बंद राहिला असता तर तिची माणसं तुटली असती, म्हणून चालू करून बसलोय. तिचा नवा पडद्यांच्या दुकानातून उतरवून आणलाय, घ्या लिहून. मी म्हटलं, तुम्हीच या ना. तर म्हणाले, मी येईन हो, पण तिच्यासारखं काम माझ्याच्याने होत नाही."

पुढे त्या बरंच काही बोलत होत्या. पत्ता विचारायचा राहून गेला.