टाकीच्या मापाबद्दल आणि बाकीच्या मालमत्तेबद्दल

मी, कोर्डेलिया लामूरो, दिवंगत अल्सीद लामूरो यांची पत्नी, वय एक्क्याऐंशी, राहणार व्हरमाँटच्या उत्तर टोकाला, दगडी कुंपणाच्या अलीकडे, माझ्यामागे काय कोणाचे ते लिहून ठेवते. लिहिताना माझे डोके ठिकाणावर आहे आणि मानगुटीवर कोणी बसलेले नाही. हृदयाची खात्री देता येत नाही. सोमवारी डॉक्टर ते उघडणार आहेत आणि मला भीती वाटते. याआधीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत.

कलम १. राहते घर माझी मुलगी इवेट हिला. माळा गळतो, ते तिला ठाऊक आहे. बँकेतली शिल्लक मुलगा रोलंड याला. तो फ्लोरिडात असतो, त्याला थंडी सोसत नाही, आणि थंडीवाचून मेपलच्या झाडांना गोड रस सुटत नाही. म्हणून झाडांत त्याचा वाटा ठेवलेला नाही. त्याने रुसून बसू नये, लहानपणापासून ती सवय आहे.

कलम २. शेजारी डेल्मर कूट याने झाडांना भोके पाडायचे माझे गिरमिट नेले, त्याला बरेच हिवाळे झाले. ते मी त्याला दिलेले नाही. विचारले की तो म्हणतो, "आणतोच की काकू," आणि हवापाण्याबद्दल बोलू लागतो. ते त्याने इवेटला परत करावे.

कलम ३. मेपलचे रान, तो रस उकळून पाक करायचे पाकघर, रसाची टाकी आणि मापकाठी इवेटला. तिने यंदा टाकीला मीटर बसवले, ते झकास चालते, पण म्हणून काठी चुलीत घालू नये. सासऱ्यांनी ती याच टाकीसाठी तासली. टाकी गोल पोटाची, त्यामुळे खाचा तळाशी विरळ आणि मध्ये दाट आहेत. दुसऱ्या कुठल्याही टाकीत ती खोटे बोलेल.

कलम ४. माझे दीर नॉर्बर्ट लामूरो यांना मी काहीही देत नाही. एक रिकामी बादलीसुद्धा नाही. हे जाणूनबुजून केले आहे, कारण पुढे लिहिते.

दोघा भावांची झाडे कुंपणाच्या दोन बाजूंना, पाकघर मात्र एकच, आमच्या बाजूला. ज्याचा रस येईल तो टाकीत ओतायचा, अल्सीदने टाकीच्या भिंतीबाहेर राहणाऱ्या टोकाच्या झाकणातून काठी बुडवून मापायचा, मग एकत्र उकळायचा, आणि मापाप्रमाणे पाक वाटून घ्यायचा. नॉर्बर्ट भावजींचा उतार दक्षिणेकडे, त्यांचा रस मार्चातच सुटे. आमचा उतार उत्तरेकडे, आमचा बराचसा रस एप्रिलात येई. वर्षानुवर्षे भावजींचे माप त्यांच्या अंदाजापेक्षा कमी भरत गेले. ते आधी हसत, मग हसेनासे झाले.

एका वसंतात चर्चच्या जेवणात, बर्फावर गरम पाक ओतून सगळे डोनट आणि आंबट काकडीबरोबर खात बसले असताना, भावजी उभे राहिले. म्हणाले, "दादा, माझ्या बादल्या काठोकाठ, आणि तुझी काठी अर्धीच ओली. मापात पाप करतोस तू."

अल्सीदने काटा खाली ठेवला. "उद्यापासून तुझा रस तुझ्या चुलीवर," एवढेच तो बोलला.

त्यानंतर दोघे मरेपर्यंत बोलले नाहीत. मेला एकच, पण बोलणे दोघांचे गेले. शेवटच्या आजारात अल्सीदने मला विचारले, "कोर्डेलिया, मी चोर होतो का गं?" मी नाही म्हटले. त्याला ते माझ्या तोंडून नको होते, भावाच्या तोंडून हवे होते. शवपेटी निघाली तेव्हा भावजी कुंपणापलीकडे उघड्या डोक्याने उभे होते. मी त्यांच्यासाठी कॉफी ओतून ठेवली, ती निवून गेली. त्या दिवसाचा राग माझ्या मनात अजून आहे, आणि त्यांची कीवही येते.

गेल्या वर्षी मार्चात मीटर कुठे बसवायचे ते पाहताना इवेटने टाकीवर गवंड्याची पाणसळ ठेवली. बुडबुडा बाहेरच्या टोकाला जाऊन चिकटला. एप्रिल सरताना पुन्हा ठेवली, तर बरोबर मध्ये. आतले टोक चुलीच्या उबेत असते, पण बाहेरच्या टोकाखालची जमीन थंडीत गोठून फुगते आणि टाकीला उचलते, रस आतल्या टोकाला जमतो आणि काठी कमी दाखवते. बर्फ वितळला की जमीन बसते. कमी दिसे तो मार्चचा रस, म्हणजे भावजींचा. भावजींचे गणित बरोबर होते आणि अल्सीदचा हातही स्वच्छ होता. इतकी वर्षे आम्ही दोन्ही घरे जमिनीच्या फुगण्यापायी जळत राहिलो.

इवेट हे सांगायला गेली. भावजी म्हणाले, "पोरी, टाकी तुमची, पाणसळ तुमची, मग बुडबुडाही तुमचाच." आणि दार लावून घेतले.

कलम ५. वकीलबाई सांगतात की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. म्हणून कलम ४. भावजींना मी काही दिले असते, तर त्यांची सही चालली नसती. मला सही हवी आहे. आज मार्च आहे, जमीन दगडासारखी आहे. मी इवेटबरोबर निरोप पाठवला आहे: "भावजी, स्वतःची पाणसळ घेऊन या. आधी टाकीवर ठेवा, मग पटले तरच माझ्या कागदावर सही करा." आले नाहीत तर वकीलबाई सही करतील आणि मृत्युपत्र कायद्याने पुरे होईल. माझ्या दृष्टीने अपुरेच राहील.

कलम ६. मला अल्सीदच्या शेजारी पुरावे. मी तिकडे गेल्यावर तो पहिला प्रश्न तोच विचारणार आहे. मला रिकाम्या हाताने जायचे नाही.

वरील मजकूर वाचून, समजून सही करते.
कोर्डेलिया लामूरो
स्थळ: पाकघर, चुलीजवळ. शनिवार, १४ मार्च.

आमच्यासमोर सही झाली. साक्षीदार:

१. डेल्मर कूट. (गिरमिट आणले आहे.)

२. नॉर्बर्ट लामूरो. वहिनी, पाणसळ माझी होती. तीनदा ठेवून पाहिली. दादाने मापात पाप केले नव्हते. त्याला सांगा.