युगांडाला जायच्या वाटा

११ ऑगस्ट, सकाळी
देवाचं नाव मागून घेते, आधी हे लिहिते. कल्याणला काल संध्याकाळीच कळलं होतं आणि मला आज सांगितलं, तेही धार काढताना. माझ्या नातीला दिवस गेले आणि ती बातमी मला म्हशीच्या मागं बसून ऐकावी लागली. पोटचा पोरगा आहे म्हणून चरवी फेकून मारली नाही.
श्री.
धनश्री युगांडात आहे. नवरा अजिनाथ तिथल्या साखर कारखान्यात केमिस्ट. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आपल्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक. तिचं माहेर म्हणजे मी. तिची आई, माझी राजेश्वरी, तिला जन्म देऊन पाचवी पुजायच्या आत गेली. बापानं दुसरं केलं. पोरगी मी वाढवली. आता बाळंतपणाला ती इकडं येईल. खोली झाडायला घेते.

१३ ऑगस्ट
येणार नाही. अजिनाथ म्हणतो, तिला एवढा लांबचा प्रवास डॉक्टर करू देत नाहीत.
बरं. माहेर उठून तिकडं जाईल. ठरलं. दिवाळी झाली की निघायचं.
धनश्रीशी बोलले. म्हणाली, आजी तू नको ती दगदग करू, इथं दवाखाना लई चांगला हाय. म्हणजे ये म्हणते. पोरगी पहिल्यापासून भिडस्त.

१७ ऑगस्ट
सूर्यभानकडं जाऊन आले. तो तरुणपणी युगांडाच्या कारखान्यात पॅनमन होता, पाक आटवून साखर बांधायचा. तिकडून आल्यापासून त्याला सगळं जग ठाऊक आहे. वाटा सांगितल्या त्यानं. मुंबईहून विमानानं नैरोबी, तिथून दुसरं विमान. नाहीतर नैरोबीपर्यंत विमान आणि पुढं रातभर बस. नाहीतर मुंबईहून जहाजानं मोंबासा. जहाजात माणसं घेतात का, विचारलं. म्हणाला, माझ्या मामाच्या वेळेला घ्यायचे. मामा मरून किती वर्षं झाली ते विचारलं नाही.
मी बसची वाट धरणार. दुसरं विमान नको. बस चहाला थांबते, खिडकी उघडता येते. विमानात ओकारी आली तर कुणाच्या पदरात ओकायचं?

३ सप्टेंबर
पासपोर्टसाठी नगरला गेले. एसटी फुकट. पंच्याहत्तर पुरी झाली की तिकीट लागत नाही. माझी कुठली पंच्याहत्तर? आधार काढताना जन्मतारीख विचारली, तेव्हा अर्ध्या तिकिटाचा विचार करून मी पंधरा वर्षं वाढवून सांगितली. उन्हातलं तोंड, कुणी शंका घेतली नाही. गावातल्या निम्म्या बायका अशाच ऐंशीला टेकल्यात. हुशारी लागते.
कल्याण सगळ्या रस्त्यानं खिडकीबाहेर बघत होता. माझी आठवण येणार म्हणून.

१४ ऑक्टोबर
पासपोर्ट आला. फोटोत मी कोंबड्या चोरणारी दिसते. सूनबाई रतन म्हणाली, आत्याबाई, छान आलाय. ती सगळ्यालाच छान म्हणते.
सोनईच्या बाजारातून डिंक, खारीक, अळीव, बाळंतशेपा आणला. तिकडं काय मिळतं, माकडं.

११ नोव्हेंबर
लाडू वळले. धनश्रीला फोन केला, निघायचं जवळ आलं म्हणून सांगितलं.  पोरगी लगेच म्हणाली, मामाला फोन दे. आनंद मामालाही सांगायचा असणार. कल्याण फोन घेऊन गोठ्यात गेला.

१९ नोव्हेंबर, रात्री
पुण्याला गेलो होतो. युगांडात जायला पिवळ्या तापाची सुई लागते, त्याशिवाय उतरू देत नाहीत. डॉक्टरीणबाई तरणी. तिनं पासपोर्ट पाहिला, मला पाहिलं. म्हणाली, आजी, साठीनंतर ही लस आम्ही शंभरदा विचार करून देतो, तुमच्या वयाला नाहीच द्यायची, जिवावर बेतेल. मी म्हटलं, बाई, ते वय खोटं हाय. ती म्हणाली, खऱ्याचा कागद दाखवा. कागद एकच, आणि तो मीच खोटा सांगून केलेला.
अनुभव नाही तिला.
येताना एसटीत कंडक्टर म्हणाला, बसा आजी, तुम्हाला काय तिकीट लागत न्हाई. तोंड फिरवून बसले.

२१ नोव्हेंबर
सूर्यभान म्हणतो, बसनं गेलीस तरी हद्दीवर सुईचं कार्ड बघतात. बघू दे. हद्दीवर शिपाई असणार. शिपायाला आई असते.

३० नोव्हेंबर
देवळालीच्या विहीणबाई आल्या, धनश्रीच्या सासूबाई. त्यांच्या कागदावर खरं वय आहे, पन्नाशीच्या थोडं पुढं. सुई झाली, तिकीट झालं. परवा निघणार. म्हणाल्या, धनश्रीनंच बोलवलंय, मी कशाला मधी मधी करते. सासू म्हटलं की पोरीला मान राखावा लागतो, आपण समजून घ्यायचं.
बाळंतिणीला तेल कसं लावायचं, पोट कसं बांधायचं, धुरी कधी द्यायची, सगळं सांगितलं. त्या व्हय व्हय म्हणत चहा प्याल्या. सामानाला वजन असतं म्हणून लाडवांचा एकच डबा घेतला.
म्हणजे सामान पुढं गेलं. मी मागून.

१६ डिसेंबर
कल्याणला म्हटलं, नैरोबीचं तिकीट काढ, पुढचं मी बघते. तो म्हणाला, न्हाई. का, म्हटलं. सुई न्हाई म्हणून. मी म्हटलं, राजेश्वरीच्या वेळी मी उशाशी होते. माझ्यानं काही झालं नाही, रक्त थांबलं नाही. तरी कुणीतरी घरचं उशाशी लागतं.
मग तो बोलला. खाली बघून बोलला. धनश्रीनं ऑगस्टातच सांगितलं होतं त्याला. मामा, आजीला येऊ देऊ नको. आजी समोर असली की मला आई दिसती. ती सारखी माझ्या पोटाकडं बघल. मला भ्या वाटतं मामा. मला जगायचंय.
मी म्हटलं, मग मला पुण्याला कशाला फिरवलं? तो म्हणाला, वाटलं सरकारच न्हाई म्हणंल, तिला म्हणावं लागणार न्हाई.
त्याला ताट वाढलं. भाकरी करपली होती, ती मी घेतली.

१७ डिसेंबर
बघितलं असतं मी पोटाकडं. खोटं कशाला लिहू.

९ जानेवारी, दुपारी
धनश्रीला मुलगी झाली. दोघी बऱ्या. फोनवर दाखवलं. बाळ विहीणबाईंच्या मांडीवर, मान नीट धरलेली नव्हती. बोलले नाही. धनश्री दमलेली, केस विस्कटलेले. जिवंत आहे. हुबेहूब राजेश्वरी. मी पदर तोंडाला लावून बाजूला झाले, तिला दिसायला नको म्हणून.

१४ जानेवारी
पाचवी पार पडली. गेले चार दिवस मी फोनजवळच झोपत होते, ऐकू कमी येतं म्हणून.

२० जानेवारी, सकाळी
आज बारसं. अजिनाथ तिकडून पाळणा दाखवणार आहे, सगळ्यांनी फोनसमोर बसायचं म्हणे. मी खालच्या वावरात कांद्याला पाणी द्यायला चालले. वीज दुपारी जाते, नंतर जमत नाही.
रतनला सांगून ठेवलंय. धनश्रीनं आजी कुठं म्हणून विचारलं, तर म्हणायचं, हाय, मजेत हाय, कांद्यात गेलीय. नाही विचारलं, तर काही म्हणायचं नाही. कल्याणनं फोनला हात लावायचा नाही, त्याचं तोंड लगेच रडवेलं होतं.
फोन रतननंच उचलायचा.